त्सुबावरील पाच रेघा: गेंजी-चिन्हे आणि सुगंधखेळाच्या खुणा कशा वाचाव्यात

कोल्हापुरात जुन्या शस्त्रांविषयी आस्था असलेल्या माणसांची वाण नाही. तालमीत मर्दानी खेळ शिकलेला मुलगासुद्धा तलवार समोर आली की तिची मूठ, परज आणि पात्याचा बाक पाहून ती कोणत्या धाटणीची असावी याचा अंदाज बांधू लागतो. हीच नजर जपानी तलवारीकडे वळवली, की पहिली अडचण मुठीपाशी येते. तेथे मुठीशी एकजीव झालेली परज नसते. पाते आणि मूठ यांच्या मधे एक सुटी, चपटी तबकडी ओवलेली असते आणि तिच्या मधल्या फटीतून पात्याचे मुठीत जाणारे टोक आरपार जाते. या तबकडीला त्सुबा म्हणतात. मुठीतील बांबूची खुंटी काढली की सारी जोडणी सुटते. त्यामुळे एकाच पात्याला वेळोवेळी निरनिराळे त्सुबा चढवता येत असत, आणि तलवारीपासून वेगळा होऊनही त्सुबा स्वतंत्र कलावस्तू म्हणून टिकून राहिला. १८७६ मध्ये जपानी सरकारने सर्वसामान्यांना तलवार लावून बाहेर वावरण्यास बंदी केल्यानंतर असे असंख्य सुटे त्सुबा युरोप-अमेरिकेतील संग्रहांत गेले, आणि आज आपण त्यांची छायाचित्रे पाहतो ती बहुधा तेथूनच आलेली असतात.

या तबकड्यांवर फुले, पक्षी, लाटा, योद्धे असे कितीतरी विषय आढळतात. परंतु काही त्सुबांवर केवळ पाच उभ्या रेघा असतात, त्यांतील काहींचे माथे आडव्या रेघेने जोडलेले असतात, आणि प्रथमदर्शनी ते चिन्ह दात वाकडेतिकडे जोडलेल्या फणीसारखे दिसते. या चिन्हाला गेंजी-मोन म्हणतात. ते नुसते नक्षीकाम नाही. त्यात एका कादंबरीतील विशिष्ट प्रकरणाचे नाव दडलेले असते, आणि ते नाव काढण्याची रीत ठरलेली आहे. ती रीत हाताला आणि नाकाला सवय लावून शिकावी, नुसती पाठ करू नये, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या लेखात त्सुबाकडे येण्यापूर्वी मी वाचकाला धुपाटण्यापाशी नेणार आहे.

आधी खेळ समजून घ्यावा

अकराव्या शतकाच्या प्रारंभी जपानच्या राजदरबारातील मुरासाकी शिकिबु या लेखिकेने ‘गेंजी मोनोगातारी’ ही कादंबरी लिहिली. तिची ५४ प्रकरणे असून प्रत्येकाला स्वतंत्र, बहुधा काव्यमय नाव आहे. त्या दरबारात सुगंध हा संस्काराचा भाग होता: वस्त्रांना धूप देणे, स्वतःचे सुगंधी मिश्रण तयार करणे आणि दुसऱ्याचे ओळखणे, हे सारे कादंबरीत जागोजागी येते. पुढे सुगंधाची रीतसर कला आकाराला आली आणि तिच्यातून अनेक खेळ निर्माण झाले. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध खेळ गेंजी-को हा होय. तो साधारणतः क्योहो काळात, म्हणजे १७१६ ते १७३६ या वर्षांत, आजच्या रूपाला आला असे मानले जाते.

खेळाची मांडणी अशी असते. पाच प्रकारची सुगंधी द्रव्ये घेऊन प्रत्येकाच्या पाच पुड्या बांधतात. एकूण २५ पुड्या होतात. त्या मिसळून त्यांतून कोणत्याही पाच उचलतात आणि एकामागून एक तापवून धुपाटणे खेळाडूंमध्ये फिरवतात. कोणता गंध कशाचा हे ओळखायचे नसते. पाचांपैकी कोणकोणते गंध एकसारखे होते, एवढेच सांगायचे असते. जपानी भाषेत येथे ‘वास घेणे’ म्हणत नाहीत, ‘गंध ऐकणे’ म्हणतात, आणि खेळताना ज्या शांततेची गरज भासते ती अनुभवल्यावर हा शब्दप्रयोग मला फार अचूक वाटू लागला.

उत्तर लिहिण्यासाठी खेळाडू पाच उभ्या रेघा काढतो. पहिल्या गंधाची रेघ सर्वांत उजवीकडे, दुसऱ्याची तिच्या डावीकडे, आणि याच क्रमाने पाचव्याची सर्वांत डावीकडे येते. जे गंध सारखे वाटले त्यांच्या रेघांचे माथे आडव्या रेघेने जोडायचे. समजा पहिला आणि चौथा गंध एक, दुसरा आणि पाचवा एक, आणि तिसरा सर्वांहून वेगळा वाटला. अशा वेळी दोन आडव्या रेघा लागतात. त्या एकाच उंचीवर काढल्या तर चारही गंध एकच असल्याचा अर्थ होईल, म्हणून एक आडवी रेघ वर आणि दुसरी थोडी खाली घेतात. रेघा एकमेकींना छेदून गेल्या तरी हरकत नाही. जोड माथ्यावर झाला तरच तो जोड मानायचा. पुढे त्सुबा वाचताना हा नियम पदोपदी उपयोगी पडतो.

अशा किती आकृत्या होऊ शकतात, हे पाटीवर काढून पाहण्यासारखे आहे. पाचही गंध वेगळे, अशी आकृती एकच. केवळ एक जोडी सारखी, अशा १०. दोन जोड्या आणि एक सुटा, अशा १५. तीन सारखे आणि दोन सुटे, अशा १०. तीन सारखे आणि उरलेले दोन आपसांत सारखे, अशा आणखी १०. चार सारखे आणि एक सुटा, अशा ५. पाचही सारखे, अशी एकच. बेरीज ५२ होते. कादंबरीची प्रकरणे मात्र ५४ आहेत. म्हणून पहिले ‘किरित्सुबो’ आणि शेवटचे ‘युमे नो उकिहाशी’ ही दोन वगळून उरलेल्या ५२ प्रकरणांना ५२ आकृत्या वाटून दिल्या. पाचही रेघा सुट्या असलेली आकृती दुसऱ्या प्रकरणाची, ‘हाहाकिगी’ची, आणि पाचही जोडलेली आकृती त्रेपन्नाव्या प्रकरणाची, ‘तेनाराई’ची. या दोन टोकांच्या आकृत्या प्रथम पाठ कराव्यात. मधल्या पन्नासांसाठी तक्ता जवळ ठेवावा आणि सुरुवातीला एक नव्हे तर दोन तक्ते शेजारी ठेवून पडताळावे.

थोडे गणित केले की एक सुंदर गोष्ट हाती लागते. २५ पुड्यांतून पाच उचलण्याचे ५३,१३० प्रकार होतात. त्यांपैकी पाचही गंध वेगळे येण्याचे प्रकार ३,१२५ आहेत, म्हणजे साधारण सतरा खेळांत एकदा ‘हाहाकिगी’ येईल. पाचही एकच येण्याचे प्रकार मात्र केवळ ५ आहेत. ‘तेनाराई’ सरासरीने १०,६२६ खेळांत एकदा येते. त्सुबावर पाचही माथे जोडलेले दिसले की मला नेहमी वाटते, की खेळात आयुष्यभर वाट पाहूनही कदाचित न येणारा डाव कोणीतरी लोखंडात कोरून कमरेला लावला होता.

घरी खेळून पाहण्यासाठी

जपानी खेळात अगरूचे, म्हणजे ऊदाच्या लाकडाचे, निरनिराळे प्रकार वापरतात. ते फार महाग असते. आपल्याला सरावासाठी दिवाळीच्या उटण्यातील द्रव्ये पुरेशी आहेत: चंदन, वाळा, नागरमोथा, कापूरकाचरी आणि जटामांसी. अंबाबाईच्या देवळाजवळच्या पूजासाहित्याच्या आणि काष्ठौषधींच्या दुकानांत अशी द्रव्ये मागावीत. पूड घेऊ नये, अखंड तुकडे घ्यावेत आणि ते तांदळाच्या दाण्याएवढे कापावेत, कारण पूड लवकर जळते आणि सगळ्यांचा धूर सारखाच वाटू लागतो.

मातीच्या धुपाटण्यात चाळलेली कोरडी राख भरावी, तिच्यात एक पेटलेला निखारा पुरावा, वर राखेचा उंचवटा करून त्याच्या माथ्यावर काडीने एक भोक पाडावे, आणि त्यावर अभ्रकाची पातळ चकती ठेवून तिच्यावर तुकडा ठेवावा. तुकडा जळू द्यायचा नाही, केवळ तापू द्यायचा. धूर दिसू लागला की निखारा फार वर आला आहे असे समजून राख वाढवावी. खोलीची एक खिडकी उघडी असावी, कारण बंद खोलीत कोळसा पेटवणे घातक असते. मात्र पंखा बंद ठेवावा. प्रत्येक गंधानंतर चकती बदलावी. पुड्या उचलण्याचे आणि क्रम लिहून ठेवण्याचे काम जो खेळत नाही अशा माणसाकडे द्यावे.

वाळा आणि नागरमोथा तापल्यावर दोघांतही मातीचा सुवास येतो आणि पहिल्या काही खेळांत त्यांची हमखास गल्लत होते. ती होऊ द्यावी. आपण चुकून जोडलेली एक आडवी रेघ उत्तराला कादंबरीच्या भलत्याच प्रकरणात नेऊन सोडते, हे एकदा अनुभवले की त्सुबावरील प्रत्येक रेघ आपण अधिक जबाबदारीने पाहू लागतो.

त्सुबा समोर आल्यावर

पहिले काम म्हणजे त्सुबाची दर्शनी बाजू ठरवणे. मुठीकडे तोंड असलेली बाजू ती दर्शनी बाजू. मधल्या पाचरीसारख्या फटीचे निमुळते टोक वर येईल असा त्सुबा धरावा. ती पात्याच्या धारेची दिशा होय. फटीच्या दोन्ही अंगांना आणखी दोन भोके असतील, तर दर्शनी बाजूने पाहताना अर्धचंद्राकृती भोक डावीकडे येते, ते छोट्या चाकूसाठी असते, आणि तीन पाकळ्यांसारखे भोक उजवीकडे येते, ते केसांच्या सळईसाठी असते. कारागिराने नाव कोरले असेल तर तेही बहुधा याच बाजूला, फटीलगतच्या सपाट जागेवर सापडते.

हे सारे एवढ्यासाठी करायचे, की आरपार कोरलेली आकृती मागून पाहिली तर आरशातल्यासारखी उलटी दिसते. उजवीकडच्या दोन रेघा जोडलेली आकृती मागून पाहिल्यास डावीकडच्या दोन जोडलेल्या दिसतात, आणि या दोन आकृत्या दोन वेगळ्या प्रकरणांच्या आहेत. मी स्वतः प्रारंभीच्या काळात एका छायाचित्रावरून वाचलेले नाव अनेक महिने खरे मानून चाललो होतो. छायाचित्र मागील बाजूचे होते हे त्यातील अर्धचंद्राकृती भोक उजवीकडे पाहिल्यावर ध्यानात आले. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांना येथे दुहेरी सावधगिरी बाळगावी लागते. त्यासाठी आकृती कागदावर उतरवून घ्यावी आणि रेघांच्या खाली उजवीकडून १ ते ५ आकडे घालावेत. नुसत्या नजरेने वाचू नये.

दुसरा प्रश्न असतो आकृतीचा माथा कोणता हा. गेंजी-मोन त्सुबाच्या कडेने फिरवून, आडवे किंवा तिरके बसवलेले असू शकते. जोडणाऱ्या आडव्या रेघा असतात तो माथा, सुट्या टोकांची बाजू तो पाया. परंतु जाळीकामात येथे एक पेच असतो. जाळीचे दोन प्रकार आहेत. एकात आकृतीच्या रेघा पोकळ कोरलेल्या असतात आणि भोवतीचे लोखंड शाबूत राहते. यात वाचन सोपे असते. दुसऱ्यात भोवतीचे लोखंड कापून काढून आकृती तेवढी उभी ठेवलेली असते. तेथे रेघ अधांतरी राहू शकत नाही, तिला दोन्ही टोकांना आधार हवा, म्हणून कारागीर तिचे टोक कडेच्या वलयाला किंवा मधल्या सपाट जागेला नेऊन भिडवतो. अशा वेळी वलय हाच जोड मानला तर प्रत्येक आकृती ‘तेनाराई’ ठरेल. वलय मनातून वजा करायचे आणि मग काय उरते ते पाहायचे.

तिसरा प्रकार जडावाचा. लोखंडावर बारीक उभे-आडवे ओरखडे पाडून त्यांत सोन्या-चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवण्याची जपानी रीत आपल्याकडच्या कोफ्तगारीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. सोन्याच्या जडावाची जुनी मूठ ज्यांनी जवळून पाहिली आहे, त्यांना हे ठाऊक असेल, की सोने झडले तरी खालचे ओरखडे राहतात. येथे त्याचा मोठा उपयोग होतो, कारण एक आडवी रेघ झडली की प्रकरण बदलते. म्हणून जडावाचे चिन्ह वाचताना विजेरीचा प्रकाश समोरून न टाकता बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासून जाईल असा टाकावा आणि भिंगातून रेघांच्या माथ्याजवळची जागा पाहावी. बारीक जाळीसारखे ओरखडे दिसले तर तेथे पूर्वी रेघ होती. छायाचित्रावरून अभ्यास करणाऱ्यांनी या कारणासाठी मोठ्या आकाराचे छायाचित्र मिळवावे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन आणि बोस्टनच्या ललित कला संग्रहालयाच्या संकेतस्थळांवर त्सुबांची छायाचित्रे पाहता येतात.

नाव सापडल्यावर पुढचा मोह आवरावा लागतो. आकृतीच्या आकारात प्रकरणातील प्रसंगाचे चित्र शोधू नये. ‘उकिफुने’ म्हणजे तरंगती होडी, पण तिच्या पाच रेघांत होडी दडलेली नाही. आकृती गंधांच्या क्रमातून आली आहे, कथेतून नव्हे. कथेचे चित्र पाहायचे तर ते चिन्हाच्या शेजारी पाहावे: चित्रकार उतागावा कुनिसादाच्या गेंजी-विषयक काष्ठमुद्रांत कोपऱ्यात चिन्ह आणि मध्ये प्रसंग अशी मांडणी असते, आणि त्सुबावरही चिन्हाजवळ फूल, होडी किंवा पंखा असेल तर त्या दोन खुणा एकमेकींशी जुळतात का हे तपासता येते.

काळ ठरवतानाही हे चिन्ह साहाय्य करते. खेळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात रुळला असल्यामुळे, सोळाव्या शतकातील म्हणून सांगितलेल्या त्सुबावर स्पष्ट गेंजी-मोन दिसले तर ते काम नंतरचे असण्याची, किंवा जुन्या त्सुबावर पुढे कोणी जडाव केला असण्याची शंका घेणे रास्त ठरते.

रेघा नसतात तेव्हा

याच कादंबरीचे संदर्भ रेघांशिवायही येतात आणि ते ओळखणे मला अधिक आनंदाचे वाटते. जपानी कलेत माणूस न दाखवता केवळ त्याच्या वस्तू दाखवण्याची एक परंपरा आहे. आपल्याला ती परकी वाटू नये. गुलालाने माखलेली सासनकाठी दिसली की जोतिबाचे नाव लिहावे लागत नाही. त्सुबावर बैलाची छत्रीदार गाडी, एक उघडा पंखा आणि पांढरे फूल एवढेच असेल, तर ते ‘युगाओ’ प्रकरण समजावे. गेंजीची, म्हणजे कादंबरीच्या नायकाची, गाडी एका साध्या घरापाशी थांबते आणि आतून सुगंधित पंख्यावर ठेवून एक फूल पाठवले जाते, असा तो प्रसंग आहे. ते फूल आपल्या मांडवावरच्या दुधीभोपळ्याच्या जातीचे आहे, संध्याकाळी उमलणारे. परसात वेल असलेल्या वाचकाने ते एकदा दिवेलागणीला पाहून ठेवावे. बांबूच्या काड्यांचा पडदा आणि दोरी बांधलेले मांजर दिसले तर ‘वाकाना’: मांजराच्या दोरीने पडदा उचलला जातो आणि आतली राजकन्या एका तरुणाच्या दृष्टीस पडते. काजवे ‘होतारू’ची आठवण देतात, पण केवळ काजवे असतील तर तो निव्वळ ऋतूचा विषयही असू शकतो, दुसरी खूण जोडीला असल्याशिवाय कादंबरीचे नाव घेऊ नये.

वळणावळणाने टाकलेल्या फळ्यांचा पूल आणि भोवती कमळवर्गी वाटणारी, लांब पात्यांची आयरिसची फुले दिसली, तर गेंजी बाजूला ठेवावे. तो ‘इसे मोनोगातारी’ या दुसऱ्या जुन्या जपानी कथाग्रंथातील आठ फळ्यांच्या पुलाचा प्रसंग आहे. प्रवासात तेथे थांबलेला नायक पाच ओळींची कविता रचतो आणि त्या ओळींच्या आद्याक्षरांतून ‘काकित्सुबाता’, म्हणजे त्याच फुलाचे नाव, तयार होते. पूल आणि फूल, एवढ्या दोन वस्तूंनी जपानी वाचकाला संपूर्ण कविता आठवत असे. साजाची पाने पाहून मासा कोणता आणि कासव कोणते हे न सांगता ओळखणाऱ्या आपल्या आज्यांना ही भाषा समजावून सांगावी लागली नसती.

सुगंधाशी थेट संबंध असलेल्या खुणाही असतात. धुपाटणे, घडी घातलेली गंधाची पुडी आणि विशेषतः लवंग. डोके गोल आणि देठ निमुळता अशी लवंग एकेकाळी बाहेरून येणारी मौल्यवान वस्तू होती, म्हणून ती शुभवस्तूंच्या चित्रमालेत येते आणि घराण्यांच्या चिन्हांतही येते. तलवारीच्या पात्याला लावण्याच्या तेलातही लवंगेचा गंध असे. सुगंध आणि शस्त्र यांचे हे नाते लढाईपर्यंत पोचलेले होते: १६१५ च्या ओसाकाच्या युद्धापूर्वी किमुरा शिगेनारी या तरुण सरदाराने आपले मस्तक शत्रूच्या हाती गेल्यास त्याला दुर्गंधी येऊ नये म्हणून शिरस्त्राणाला धूप दिला, असे परंपरा सांगते.

अस्सल त्सुबा हाती आलाच, तर तो कडेने, सुती हातमोजे घालून धरावा. आपल्या घरांत जुने भांडे दिसले की चिंच किंवा लिंबू लावून लखलखीत करण्याची सवय आहे; येथे ती सर्वथा टाळावी. तांब्यात थोडे सोने मिसळून केलेल्या शाकुदो या मिश्रधातूचा निळसर काळा रंग ही मुद्दाम आणलेली झळाळी असते, बिदरीच्या काळेपणासारखी, आणि आंबट पदार्थाने ती कायमची जाते. लोखंडी त्सुबावरील गडद तपकिरी थरालाही हात लावू नये. आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पावसाळा लोखंडाला फार कठीण जातो. त्या महिन्यांत त्सुबा कोरड्या सुती कापडात गुंडाळून, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, दर पंधरवड्याला उघडून पाहावा आणि लालसर ठिपका दिसल्यास घासत न बसता जाणकाराला दाखवावा. डब्यात एक चिठ्ठी असावी: कोणत्या बाजूने वाचले, उजवीकडून कोणत्या क्रमांकाच्या रेघा जोडलेल्या आढळल्या, कोणती रेघ झडलेली वाटते, आणि त्यावरून कोणते प्रकरण ठरवले.